उसाला हंगाम चालतो, मग घराच्या हप्त्याला का नाही?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागच्या रविवारी गृहकर्जावर लेख आलेला, तो नीट वाचला, कात्रण पण काढून ठेवलंय. लेख चांगला होता, नावं ठेवायला जागा नाही, पण पहिल्याच कॉलममध्ये लिहिलंय की हप्ता मासिक पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि मी तिथंच लेखातनं बाहेर पडले की ओ. पगार कुणाचा? ज्याला पगारच नाही त्यानं चाळीस टक्के कशाचे काढायचे? पुढं आहे सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड ठेवा, बोनस आला की प्रीपेमेंट करा, इन्क्रीमेंट झालं की हप्ता वाढवून घ्या. म्हणजे लेख लिहिणाऱ्या साहेबांच्या डोळ्यासमोर जो माणूस आहे तो एक तारखेला मेसेज येणारा माणूस आहे. आमच्या कोल्हापुरात असे किती आणि हातावर पोट असलेले, नाहीतर हंगामावर पोट असलेले किती, हे एकदा राजारामपुरीतनं नाहीतर महाद्वार रोडनं चालत गेलं तरी कळतं. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी पाचगावात राहते. चटणी करते, म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी, ऑर्डरीप्रमाणे. दिवाळीला फराळ, गणपतीत मोदक, बाकी वर्षभर दोन-चार डबे. मिस्टर गोकुळ शिरगावला फाउंड्रीत होते, २०२३ साली गेले, अटॅक आला. थोरली आता बारावीला आणि धाकटा आठवीत. फ्लॅट २०१७ साली दोघांच्या नावावर घेतलेला, कर्ज १२ लाख, २० वर्षं, व्याज साडेआठच्या आसपास, हप्ता १०,४०० रुपये. दोघांच्या नावावर कर्ज असलं की एक गेल्यावर दुसऱ्याला पूर्ण लागू होतं, अर्धं नाही, हे बऱ्याच बायकांना सही करताना कोण सांगत नाही. सही मात्र पन्नास ठिकाणी घेतात.

आता माझं उत्पन्न कसं येतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मार्च उजाडला की मिरची. गडहिंग्लजची संकेश्वरी, कर्नाटकातनं ब्याडगी, तिखट पाहिजे असलं तर थोडी लवंगी. देठं काढायची, तीन-चार ऊनं द्यायची, इतकी की मुठीत धरली तर मोडायला पाहिजे. मग खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा तेलावर भाजून घ्यायचा, कांदा उभा चिरून तळायचा, लसूण-आलं-कोथिंबीर-मीठ सगळं मोजून, आणि डबे घेऊन डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर. एप्रिल-मेमध्ये डंकावर नंबर लावायला पहाटे जावं लागतं, नाकाला पदर बांधून पण शिंका थांबत नाहीत, रात्री हाताची आग होते ती ताकात हात बुडवला तरी कमी होत नाही. पण त्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाची निम्मी कमाई होते, पुण्या-मुंबईला असलेली कोल्हापूरची पोरं सुद्धा आईला सांगून इथनंच मागवतात. मे महिन्यात खर्च वजा जाता चाळीस-पंचेचाळीस हजार हातात राहिलेले आहेत. आणि जुलैमध्ये? सहा हजार. कधी पाच. एकदा पाऊस लागला, पंचगंगा ३९ फुटाच्या इशाऱ्याला टेकली की सगळं शहर राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडं बघत बसतं, कुणाला चटणी सुचत नाही आणि शकरपाळी पण नाही. त्यात जून म्हणजे वह्या, पुस्तकं, क्लासची फी, रिक्षावाले मामा. परत हात उघडतात ते गणपतीला आणि खरे दिवाळीला.

वर्षाचं मिळून बघितलं तर हप्ता भागतो साहेब. हेच तर सांगायचंय. वर्षाचा हिशोब काढला तर मी कर्ज फेडू शकते, बुडवणारी बाई नाही. पण बँक वर्ष बघत नाही, बँक पाच तारीख बघते. पाच तारखेला खात्यात सातशे रुपये कमी असले की हप्ता बाउन्स, मग ज्या बँकेत आपलं खातं ती पण चार्ज लावणार आणि जिनं कर्ज दिलंय ती पण लावणार, वर जीएसटी. कमी पडलेले सातशे आणि दंडच त्याच्या आसपास जातो. आणि मे महिन्यात माझ्याकडं चार हप्त्यांचे पैसे असतात तेव्हा बँक एकच घेते. 'पुढचे तीन आत्ताच घ्या की साहेब, जुलै-ऑगस्टला मग मागू नका,' असं मी म्हटलं तर समोरचा मुलगा बिचारा माझ्याकडं बघून म्हणाला, 'ताई, तसं सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही. जास्त भरले तर मुद्दलाला जातील, पुढच्या महिन्याचा हप्ता तरी पण लागणारच.' त्याची काय चूक नाही, तो स्क्रीनवर दिसतं ते सांगणार.

पण मग मला एक प्रश्न पडतो. आमचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, उसाचं. वडिलांनी आयुष्यभर सोसायटीचं पीककर्ज काढलं. त्यांना कधी कुणी दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता मागितला नाही. का? कारण ऊस दर महिन्याला तुटत नाही. ऊस कारखान्याला जातो, बिल निघतं, सोसायटीची वसुली बिलातनंच कापून घेतात, उरलेलं खात्यावर. (एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा कमीत कमी दर, १४ दिवसांत द्यायची असते कायद्यानं, देतात का नाही तो वेगळा विषय, त्यावर तुमच्याच पेपरात रोज छापून येतं.) आणि नुसती फेडीची तारीखच नाही, थकबाकीचा नियम सुद्धा वेगळा आहे. घराचं कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत खातं. पीककर्ज थकलं का नाही ते दिवसांवर ठरत नाही, पिकाच्या हंगामावर ठरतं, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम. हे रिझर्व्ह बँकेचेच नियम आहेत. म्हणजे कमाई हंगामात येते हे रिझर्व्ह बँकेला ठाऊक आहे, जिल्हा बँकेला ठाऊक आहे, गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला तर तोंडपाठ आहे. तेच पीक मिरचीच्या रूपानं माझ्या डंकावर आलं की मात्र हंगाम संपला, तिथनं पुढं सगळं मासिक!

बरं, शेतीचं सोडा. मायक्रोफायनान्सचं बघा. बायकांचे गट करून जे कर्ज देतात त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम काढले, त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आणि दुसरी म्हणजे हप्ता किती दिवसांनी भरायचा यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे सवलत देण्याचं धोरण कर्ज देणाऱ्यानं केलं पाहिजे. चाळीस हजाराच्या कर्जाला हे धोरण पाहिजे आणि बारा लाखाच्या कर्जाला नको, हे कुठलं गणित म्हणायचं? प्रत्यक्षात गटाच्या मीटिंगला काय चालतं ते आम्ही बघतो, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात, पण निदान कागदावर तरी आहे.

तर 'हंगामी हप्ता' असं काहीतरी घराच्या कर्जाला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. माफी नको, व्याजात सूट पण नको. वर्षाला जेवढे भरायचे तेवढेच भरू, पण एप्रिल-मे आणि दिवाळीला मोठे, पावसाळ्यात लहान. चटणीवालीच नाही, मंडपवाले, बँडवाले, आचारी, गुऱ्हाळावरचे, चप्पल करणारे, लग्नाची ब्लाउजं शिवणाऱ्या बायका, सगळ्यांचं असंच आहे, ज्याचा त्याचा सिझन वेगळा. दूध घालणाऱ्या घरात निदान दहा दिवसाला बिल येतं, आम्हाला तेवढं पण नाही.

जोपर्यंत हे होत नाही तोपर्यंत मी काय करते ते सांगते, कुणाच्या उपयोगाला पडेल. माझ्यासारख्या बाया पुष्कळ आहेत, कुणी नवरा गेलेली, कुणी सोडलेली, एक तर आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे.

पहिलं म्हणजे मिस्टर गेल्यावर विम्याचं. कर्ज घेताना बँकेनं विमा दिलेला, प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्या प्रीमियमवर पण आम्ही व्याज भरत होतो. कागद काढून बघितले तर कर्ज २० वर्षांचं आणि विमा ५ वर्षांचा! संपून वर्ष पण झालं नव्हतं. बँकेचं नाव घेत नाही, नाव घेऊन आता काय होणार, पण ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी आज घरी जाऊन ती पॉलिसी बाहेर काढा आणि शेवटची तारीख बघा, नवरा-बायको दोघं आहे तोवरच बघा. आणि दोघांपैकी कुणाच्या नावानं आहे ते पण, कारण पुष्कळ वेळा फक्त पहिल्या कर्जदाराचाच असतो.

आता ज्याची माहिती मला कंपनीतल्या एका जुन्या माणसानं दिली आणि नसती दिली तर मला कधीच कळलं नसतं ते सांगते. पीएफ कापला जात असेल तर नुसता पीएफ मिळत नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर ईडीएलआय म्हणून विमा असतो, त्याचा वेगळा प्रीमियम आपल्या पगारातनं कापत नाहीत म्हणून तो आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. सलग वर्षभर नोकरी झाली असेल तर कमीत कमी अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख. पीएफला फॉर्म २०, पेन्शनला १०डी आणि ह्या विम्याला ५आयएफ, असे तीन फॉर्म. विधवेला पेन्शन आणि दोन मुलांना २५ वर्षांचं होईपर्यंत त्या पेन्शनचा चौथा हिस्सा प्रत्येकी. रक्कम लई नाही, पण महिन्याला न चुकता येणारे आमच्या घरातले पैसे ते एवढेच आणि लाडक्या बहिणीचे १५००.

हे पीएफ-विम्याचे पैसे आले त्यातले ३ लाख मी कर्जात भरले. तेव्हा १० लाख २० हजाराच्या आसपास मुद्दल शिल्लक होतं, सहा वर्षं हप्ते भरून दोन लाख पण धड फिटले नव्हते, कारण सुरुवातीची वर्षं सगळी व्याजातच जातात. इथं खरी मारामारी झाली. पैसे भरले की बँक आपोआप मुदत कमी करते, हप्ता तेवढाच ठेवते. १०,४०० तसेच, फक्त चौदा वर्षांऐवजी आठ वर्षांत कर्ज संपणार. सगळे म्हणाले बरोबर आहे, व्याज वाचतं, तुमच्या लेखात पण तेच लिहिलंय. दीर म्हणाले, 'वहिनी, लवकर मोकळ्या व्हाल.' पण मी हट्टाला पेटले की मुदत राहू दे, हप्ता कमी करा. लेखी अर्ज दिला, इनवर्डचा शिक्का घेतला, चार चकरा जास्त झाल्या पण झालं. हप्ता साडेसात हजाराच्या आत आला, ७,३५० च्या आसपास.

मला हिशोब येत नाही असं नाही. पूर्ण चौदा वर्षं असंच भरत बसले तर अडीच लाखाच्या जवळपास जास्त जातील, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला पगार आहे त्याला व्याजाची भीती, माझ्यासारखीला जुलैची भीती. जुलैत १०,४०० जमवायचे म्हणजे पाटल्या तारण ठेवायच्या, तिथं परत व्याज, आणि ७,३५० कसेतरी निघतात. आणि मे-महिन्यात हातात जास्त आले की वीस-पंचवीस हजार आपण होऊन मुद्दलात भरायचे, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडनं त्याचा दंड घेता येत नाही, कुणी मागितला तर देऊ नका. म्हणजे सक्तीचा हप्ता लहान आणि मर्जीचा हप्ता मोठा. अशी जास्तीची रक्कम भरली की दर वेळी मुदत कमी होते, ते तेव्हा होऊ दे. हाच माझा घरगुती हंगामी हप्ता, बँकेनं दिला नाही म्हणून मी तयार केलेला. यातली खोट एवढीच की मुद्दलात गेलेले पैसे परत काढता येत नाहीत. काही बँकांत ओव्हरड्राफ्टसारखं घरकर्ज असतं, जास्तीचे पैसे त्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागले तर काढता येतात, आमच्यासारख्यांना तेच खरं पाहिजे. मी विचारलं तर म्हणाले सॅलरी स्लिप आणा. बसा आता!

हप्त्याचं खातं मी वेगळं ठेवलंय, त्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही. दुसरं म्हणजे पिग्मी. पिग्मीवाले काका रोज संध्याकाळी येतात, सिझनमध्ये दिवसाला तीनशे-चारशे, पावसाळ्यात वीस रुपये द्यायला पण लाज वाटत नाही, घेतात. पिग्मी बरोबर जूनमध्ये मोडायची आणि ती रक्कम सरळ हप्त्याच्या खात्यात. पण पिग्मी कुठं भरता ते बघा. बँकेत असली, सहकारी बँकेत सुद्धा, तर ५ लाखापर्यंत ठेवीला विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. पतसंस्था सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे संसार पतसंस्थेवर उभे राहिलेत, पण हप्त्याचे पैसे तिथं मी ठेवत नाही. भिशी पण लावते, पण छोटी, आणि नंबर मेच्या आत लागणार नाही अशी बघून, मेच्या आधी लागली तर ते पैसे मिरचीत जातात.

व्याजदराचं थोडक्यात. आमचं कर्ज २०१७ चं म्हणजे एमसीएलआरवालं, बँक स्वतःच्या खर्चावरनं स्वतःच ठरवते त्या दराचं. ऑक्टोबर २०१९ पासनं बँकांची नवीन फ्लोटिंग घरकर्जं बाहेरच्या दराला, म्हणजे बहुतेक करून रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला) जोडलेली असतात. रेपो २०२५ च्या फेब्रुवारीपासनं साडेसहावरनं खाली येत गेला, जूनला साडेपाच झाला, ज्यांची कर्जं रेपोवर त्यांना लगेच फरक पडला आणि आम्ही जुने लोक बघत बसलो. थोडी फी भरून जुनं कर्ज रेपोवर नेता येतं, विचारायला पाहिजे, बँक आपण होऊन फोन करत नाही. दर वाढला की हप्ता वाढवायचा का मुदत, हे पण बँकेनं कर्जदाराला विचारलं पाहिजे असा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे.

दुसऱ्या बँकेत कर्ज न्यावं म्हणून पण मी फिरले. एका ठिकाणी सगळी फाइल बघितली, उद्यमचं म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन आहे, अन्नपदार्थांचं रजिस्ट्रेशन आहे (१२ लाखाच्या आतल्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी, घरगुती करणाऱ्या बायकांनी काढून ठेवा), यूपीआयवर पैसे येतात त्याचं स्टेटमेंट आहे. साहेब सगळं बघून म्हणाले, 'बाकी ओके आहे मॅडम. घरात पुरुष माणूस कोण आहे का, को-अ‍ॅप्लिकंट घालायला? दीर, भाऊ?' मी म्हटलं धाकटा आहे, तेरा वर्षांचा आहे, चालेल का? हसले. मी पण हसले, काय करणार. पण बाहेर येऊन रंकाळ्यावर बसून विचार केला की अडीच वर्षं मी एक हप्ता बुडवला नाही, स्टेटमेंट तोंडावर आहे, आणि ह्यांना गॅरंटी पाहिजे ती दिराच्या नावाची. दिरांचा स्वतःचा गाडीचा हप्ता दोनदा बाउन्स झालाय!

थोडं वसुलीच्या फोनबद्दल. उशीर झाला तर घाबरून फोन बंद ठेवू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करायची नाही असा पण आहे. एक हप्ता चुकला म्हणून कोणी घराला कुलूप लावत नाही. ९० दिवस, मग ६० दिवसांची नोटीस, त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तिथवर जाऊच नये, दुसरा हप्ता चुकायच्या आत शाखेत जाऊन लेखी द्यावं की अडचण काय आणि पैसे कधी येणार. बँकेनं ३० दिवसांत तक्रारीला उत्तर नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

सरकारी योजनेचं म्हणाल तर पंतप्रधान आवास शहरी २.० मध्ये ३५ लाखापर्यंतच्या घराला, २५ लाखापर्यंतच्या कर्जाला व्याजात सबसिडी आहे, पाच वर्षांत मिळून १ लाख ८० हजारापर्यंत, विधवा आणि एकट्या बायकांना प्राधान्य. चांगलं आहे. पण १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जालाच. ज्या आधीच अडकल्यात त्यांना काय नाही. नवीन घेणाऱ्या बायकांनी जरूर बघा.

नातेवाईक म्हणतात विकून टाक, माहेरी जा, भाऊ नाही म्हणणार नाही. भाऊ खरंच नाही म्हणणार नाही. पण मुलांची शाळा, माझी गिऱ्हाईकं, सगळं इथं आहे, आणि भाड्यानं राहिले तरी पाचगावात पाच-सहा हजार भाडं द्यायचंच आहे की. मग दीड-दोन हजार जास्त घालून स्वतःच्या घरात का राहू नये? आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मागनं सरकारनं पण परिपत्रक काढलं, देशभर कौतुक झालं. मला त्याचा अभिमान आहे, माझं कुंकू कोणी पुसलं नाही. पण बँकेच्या काउंटरवर 'पुरुष माणूस कोण' हा प्रश्न अजून तसाच आहे, त्याला कोणत्या ग्रामसभेत ठराव करायचा?

तर संपादक साहेब, मागणी अशी आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्या बँकांची जिल्हा समितीची बैठक होत असते, कुणी किती पीककर्ज वाटलं त्याचा आढावा तिथं होतो आणि तुमच्याकडं बातमी येते. त्या बैठकीत एकदा तरी हा विषय निघावा. निदान आपल्या सहकारी बँकांनी तरी, ज्या कोल्हापूरच्याच लोकांच्या ठेवीवर चालतात आणि ज्यांच्या संचालकांना उसाचं बिल कधी येतं हे आमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी एक छोटी योजना करून बघावी. मागच्या दोन वर्षांचं खात्याचं स्टेटमेंट बघा, कोणत्या महिन्यात पैसे येतात ते त्यातच दिसतं, त्याप्रमाणे बारा महिन्यांचे बारा आकडे ठरवा, आणि तीनेक हप्ते आगाऊ भरून ठेवायची सोय द्या. कोल्हापूरकरांनी टोल घालवला, २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच आणलं, ह्याला तर रस्त्यावर पण उतरायला नको, एक सॉफ्टवेअरमधला कॉलम बदलायचाय. कुठल्या बँकेत अशी सोय आधीच असेल तर त्यांनी तुम्हाला कळवावं आणि तुम्ही ठळक छापावं, मी पहिली जाईन.

आणि गृहकर्जावर पुढचा लेख घ्याल तेव्हा पगारदार सोडून बाकीच्यांवर घ्या, हवं तर डंकावर या, एप्रिलमध्ये तिथं लाइनीत उभ्या असलेल्या बायका तुम्हाला हप्त्याचं सगळं सांगतील, फक्त रुमाल आणा.

पत्र लांबलं, कापायचं तर कापा, पण पीएफच्या तीन फॉर्मचं आणि विम्याच्या मुदतीचं कापू नका. नाव छापू नये ही विनंती, दिरांच्या गाडीचं लिहिलंय आणि ते तुमचाच पेपर घेतात.

आपली एक वाचक,
पाचगाव, कोल्हापूर